देवापुढे कशाच्या भरवशावर उभं राहायचं?

"मी कुणाचं वाईट केलेलं नाही, खोटं बोलत नाही, जमेल तेवढी मदत करतो. मग देव मला का नाकारेल?" नेमाने उपासनेला जाणाऱ्या ख्रिस्ती माणसांच्या तोंडूनही हे ऐकू येतं. सज्जनाला देवाने जवळ करावं आणि दुर्जनाला दूर लोटावं, हा न्याय कुणालाही पटण्यासारखाच आहे. पण ख्रिस्ती विश्वास नेमका इथेच वेगळी वाट धरतो. नवा करार सांगतो की कुणीही स्वतःच्या कर्मांच्या बळावर देवापुढे नीतिमान, म्हणजे निर्दोष आणि मान्य, ठरत नाही. माणूस येशू ख्रिस्तावरच्या विश्वासाने नीतिमान ठरतो, आणि तेही निव्वळ देवाच्या कृपेने. मंडळीत हे इतक्यांदा कानावर पडतं की ते पाठ होऊन जातं आणि पाठ झाल्यामुळेच आत उतरायचं राहून जातं.

पहिली गोष्ट, चांगलं वागणं फुकट आहे असं ख्रिस्ती शिकवण कधीच म्हणत नाही. उलट येशूने वागणुकीची पातळी कुणाला झेपणार नाही इतकी वर नेली. डोंगरावरच्या प्रवचनात तो खुनाच्या आज्ञेपाशी थांबत नाही, थेट मनातल्या रागाला हात घालतो. व्यभिचाराच्या आज्ञेपाशी थांबत नाही, वासनेच्या नजरेलाही जाब विचारतो. आणि त्या सगळ्याच्या शेवटी सांगतो, तुमचा स्वर्गीय पिता पूर्ण आहे तसे तुम्ही पूर्ण व्हा. आपण स्वतःला मोजतो तेव्हा माप म्हणून नेहमी दुसरं माणूस घेतो. शेजाऱ्यापेक्षा मी बरा, भावापेक्षा प्रामाणिक. त्या मापाने बरेच जण पास होतील. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातल्या त्या प्रवचनाच्या मापाने कोण होईल? प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात पहिले जवळजवळ तीन अध्याय हाच मुद्दा लावून धरलाय: नियमशास्त्र, म्हणजे मोशेच्या हस्ते यहुद्यांना मिळालेल्या देवाच्या आज्ञा, नसलेले अपुरे पडले, नियमशास्त्र हाती असलेलेही अपुरे पडले, सगळ्यांनी पाप केलं आहे. यातून पुढे जाण्याची घाई करू नये. आपण थोडे कमी पडलो, जरा जोर लावला की गाठू, असं ज्याला वाटतं त्याच्यासाठी कृपा हा एक छानसा शब्दच राहतो.

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते लूककृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातल्या दाखल्यात. दोन माणसं मंदिरात प्रार्थनेला गेली, एक परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला, आणि एक जकातदार. आपण बऱ्याच प्रवचनांत या परूश्याचा ढोंगी खलनायक करून टाकतो, आणि तिथेच दाखल्याची धार जाते. दाखल्यात तो खोटं बोलतोय असं कुठेही म्हटलेलं नाही. तो लुबाडत नाही, अन्याय करत नाही, व्यभिचार करत नाही. मोशेच्या नियमशास्त्रात वर्षातून एकच उपासाचा दिवस नेमलेला होता, प्रायश्चित्ताचा दिवस. हा माणूस आठवड्यातून दोनदा उपास करतो. मिळेल त्या सगळ्याचा दशांश देतो. इतकंच काय, त्याची प्रार्थना सुरू होते ती देवाचे आभार मानून. असा माणूस आपल्या मंडळीत असता तर आपण त्याला पंचमंडळात घेतलं असतं.

आणि जकातदार? रोमी सत्तेसाठी आपल्याच लोकांकडून पैसे उकळणारा म्हणून बदनाम. तो दूर उभा राहतो, डोळे वर करत नाही, ऊर बडवून घेतो आणि म्हणतो, "हे देवा, मज पाप्यावर दया कर." संपली प्रार्थना. यापुढे मी सुधारेन, पैसे परत करीन, असं एक अक्षरही त्यात नाही. पुढच्याच अध्यायात जक्कय नावाचा जकातदार भेटतो, तो चौपट परत करायला निघतो; पण येशू त्याच्या घरी आधी जातो आणि परतफेडीची भाषा त्यानंतर निघते. या दाखल्यातल्या जकातदाराच्या हातात तर देवाला दाखवण्यासारखं काहीच नाही. तरीही येशू म्हणतो, हा नीतिमान ठरून घरी गेला, तो दुसरा नाही. येशूच्या श्रोत्यांना हे ऐकून धक्का बसला असणार. आपल्याला बसत नसेल तर आपण त्या परूश्याला अजून नीट ओळखलेलं नाही.

दाखला कुणाला उद्देशून होता ते लूक सुरुवातीलाच सांगतो: आपण नीतिमान आहोत असा स्वतःवर भरवसा ठेवून इतरांना तुच्छ मानणाऱ्यांना. दोघांत फरक पडला तो या भरवशाने. परूश्याची कृत्यं चांगलीच होती, पण त्याने ती देवापुढे उभं राहण्यासाठी पायाखाली घेतली होती. एकदा ती पायाखाली घेतली की शेजारी उभा असलेला माणूस आपोआप खालचा दिसू लागतो. त्याच्या प्रार्थनेतसुद्धा तो जकातदार येतोच, "ह्या जकातदारासारखा मी नाही." स्वतःच्या चांगुलपणावर उभं राहायचं म्हटलं की कुणीतरी खाली असावं लागतं.

मग देव वाइटाकडे काणाडोळा करतो का? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याला बगल देणारी शिकवण अर्धवटच म्हणावी लागेल. जकातदाराने ज्यांना लुबाडलं त्यांच्या दुःखाचं काय? न्यायी देव ते नुसतं विसरून गेला तर तो न्यायी राहिला कुठे? ख्रिस्ती उत्तर वधस्तंभापाशी आहे. पापाची किंमत माफ झाली नाही, ती भरली गेली. मात्र पाप करणाऱ्याने नव्हे, देवाच्या पुत्राने. पौल करिंथकरांस लिहितो की ज्याला पाप ठाऊक नव्हतं त्याला देवाने आपल्याकरता पाप असं केलं, यासाठी की आपण त्याच्या ठायी देवाचं नीतिमत्त्व व्हावं. यात दोन्ही बाजूंची अदलाबदल आहे. आपला दोष त्याच्यावर गेला आणि त्याचं आज्ञाधारक आयुष्य आपल्या नावे धरलं गेलं. अनेक विश्वासणारे पहिली बाजू मानतात आणि दुसरी विसरतात. त्यांना वाटतं, मागचं सगळं ख्रिस्ताने पुसलं, आता पाटी कोरी आहे, इथून पुढे काय लिहायचं ते माझ्या हातात. कोरी पाटी ही काही सुवार्ता नव्हे, दोन दिवसांत ती परत भरते. योहान लिहितो की वधस्तंभावर येशू म्हणाला, "पूर्ण झाले आहे." आपण येऊन पूर्ण करावं असं काही शिल्लक ठेवून तो गेला नाही.

हा विचार पौलाने नव्याने काढला असं कुणी म्हणू नये, म्हणून तो स्वतःच यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम याच्यापर्यंत मागे जातो. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात म्हातारा, निपुत्रिक अब्राम (अब्राहामाचं आधीचं नाव) देवाच्या वचनावर विश्वास ठेवतो आणि तो विश्वास त्याला नीतिमत्त्व असा गणला जातो. पौल विचारतो, हे कधी घडलं? सुंतेच्या आधी की नंतर? पुढच्या अध्यायात त्याचा मुलगा इश्माएल जन्मला तेव्हा अब्राम 86 वर्षांचा होता. सुंता झाली तेव्हा 99 वर्षांचा. म्हणजे नीतिमान गणला गेल्यावर सुंता व्हायला निदान 13 वर्षं गेली. आणि नियमशास्त्र तर, पौलच गलतीकरांना सांगतो, वचनानंतर 430 वर्षांनी आलं. जे अजून दिलंच गेलं नव्हतं ते पाळून अब्राहाम देवाला मान्य कसा होईल? मला पौलाचा हा युक्तिवाद फार आवडतो. नुसत्या वर्षांचा क्रम लावून त्याने सगळा प्रश्न मोकळा केलाय. अब्राहामाबद्दल बोलतानाच, रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात, तो देवाचं असं वर्णन करतो की वाचताना थांबायलाच होतं: अधार्मिकाला नीतिमान ठरवणारा देव.

पौलाकडे स्वतःच्या पुण्याईचा साठा काही कमी नव्हता. फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो यादीच देतो: आठव्या दिवशी सुंता, बन्यामिनाच्या वंशातला, नियमशास्त्राच्या बाबतीत परूशी, आचरणात निर्दोष. मग ते सगळं तो हानी समजून बाजूला सारतो, केरकचरा म्हणतो. त्यातली एकही गोष्ट लाजिरवाणी नव्हती. पण त्याच गोष्टींनी त्याला ख्रिस्तापासून दूर ठेवलं होतं. वाईट कृत्यांसाठी पश्चात्ताप करणारे पुष्कळ भेटतात. आपल्या चांगल्या कृत्यांवरचा भरवसा सोडून देणं त्याहून कितीतरी अवघड जातं.

मंडळीच्या इतिहासात हा प्रश्न पुन्हापुन्हा वर आलेला आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला पेलागियस नावाच्या ख्रिस्ती शिक्षकाचं म्हणणं होतं की माणूस मनावर घेईल तर देवाच्या आज्ञा पाळू शकतो. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन याने त्याला कडाडून विरोध केला आणि 418 साली कार्थेजच्या परिषदेने पेलागियसची शिकवण नाकारली. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरपाशी हाच प्रश्न जिवावरचं दुखणं होऊन आला. तो 1505 मध्ये मठात गेला. उपास, जागरणं, तासन्‌तास पापकबुली, काही म्हणता काही त्याने बाकी ठेवलं नाही, आणि तरी मनाला स्वस्थता नव्हती. पुरेसं केलं हे कळायचं कसं? रोमकरांस पत्रातला देवाच्या नीतिमत्त्वाचा उल्लेख वाचून त्याला धडकी भरायची, कारण त्यात त्याला फक्त शिक्षा करणारा न्यायाधीश दिसायचा. ते नीतिमत्त्व देव विश्वासणाऱ्याला दान म्हणून देतो, हे उमगलं तेव्हा स्वर्गाचं दार उघडल्यासारखं वाटलं, असं त्याने उतारवयात लिहून ठेवलं. पुढे पाश्चात्त्य मंडळी दुभंगली आणि या मुद्द्यावर शतकानुशतकं कडू वाद झाले. 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्ग इथे रोमन कॅथलिक मंडळी आणि लुथरन जागतिक महासंघ यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कुठल्याही योग्यतेमुळे नव्हे, केवळ कृपेने देव आपला स्वीकार करतो, हे दोन्ही बाजूंनी मिळून कबूल केलं. सगळे मतभेद मिटले असं नाही, पण ही कबुली लहान नाही.

मला जास्त महत्त्वाची वाटतात ती अशी माणसं, जी आधीच ख्रिस्ती होती, सेवेत होती, आणि तरी आपल्या करणीवर टेकून होती. पुढे मेथडिस्ट चळवळ उभी करणाऱ्या जॉन वेस्लीला पाळकाची दीक्षा मिळालेली होती. ऑक्सफर्डमध्ये तो आठवड्यातून दोनदा उपास करायचा, तुरुंगातल्या कैद्यांना भेटायचा, मिशनरी म्हणून अमेरिकेतल्या जॉर्जियापर्यंत जाऊन आला होता. 24 मे 1738 च्या संध्याकाळी लंडनमधल्या एका लहान सभेत कुणीतरी ल्यूथरची रोमकरांस पत्रावरची प्रस्तावना वाचत होतं, आणि ती ऐकताना आपण तारणासाठी एकट्या ख्रिस्तावर भरवसा टाकला आहे असं त्याला पहिल्यांदा जाणवलं. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये झाला. त्यानंतर जवळपास आठ वर्षांनी आपल्या ध्यानात आलं, असं त्या आपल्या साक्षीत लिहितात, की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन असलेला ख्रिस्त सापडला नव्हता. संस्कृत शास्त्रांत पारंगत, विधवांसाठी आयुष्य वेचणारी ही बाई. तिच्यापाशी सत्कृत्यांची वाण खचितच नव्हती.

आता नेहमीचा आक्षेप. विश्वासानेच सगळं होत असेल तर वाटेल तसं वागायला मोकळीक मिळाली की. हा आक्षेप पौलाच्या कानावर त्याच्या हयातीतच आला होता. रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय त्यापासूनच सुरू होतो. आपण शिकवतो ती कृपा ऐकून कुणालाच हा प्रश्न पडत नसेल, तर आपण कदाचित पौलाची कृपा शिकवतच नसू. त्याचं उत्तर असं, की ख्रिस्ताशी जोडलेला माणूस पापाला मेलेला आहे. मेलेल्या गोष्टीत तो घर करून कसा राहील? इथे बरेच जण याकोबाचं पत्र पुढे करतात: कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे. गंमत म्हणजे पौल आणि याकोब दोघेही उत्पत्तीतलं तेच एक वचन उद्धृत करतात. पण त्यांचे प्रश्न निराळे आहेत. पौल विचारतो, अपराधी माणूस देवाला मान्य होतो कसा? याकोब विचारतो, तोंडाने सांगितलेला विश्वास जिवंत आहे हे ओळखायचं कसं? उघड्यावाघड्या, उपाशी भावाला "सुखाने जा" म्हणून रिकाम्या हाताने पाठवणाऱ्याला उद्देशून तो बोलतोय. देव एक आहे असं भुतंही मानतात आणि कापतात, असं तो सुनावतो. नुसती माहिती मान्य करणं म्हणजे विश्वास नव्हे, यावर पौल आणि याकोब यांचं एकमत आहे.

इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात क्रम अगदी नेमका आहे. आठव्या-नवव्या ओवीत म्हटलंय की कृपेने, विश्वासाच्या द्वारे तारण झालं, कर्मांनी नव्हे, म्हणजे कुणी बढाई मारू नये. लगेच दहावीत येतं की सत्कृत्यं करण्यासाठीच आपण ख्रिस्त येशूमध्ये निर्माण झालो. सत्कृत्यं आहेत, भरपूर आहेत. फक्त ती स्वीकाराच्या आधी येत नाहीत, मागून येतात. आणि मागून आली की त्यांचा स्वभावच बदलतो. देवाला राजी करायचं नसलं की शेजाऱ्याला केलेली मदत खरोखर शेजाऱ्यासाठी होते. तोवर तो बिचारा आपल्या पुण्यसंचयाचं साधन असतो.

आपण कशावर टेकलोय हे ओळखायचं कसं? प्रार्थना चुकली त्या दिवशी काहीतरी वाईट होणार अशी धास्ती वाटते का? संकट आलं की पहिला विचार "मी एवढं केलं आणि हे फळ?" असा येतो का? पाप घडल्यावर प्रभूकडे जायला चार दिवस लागतात का, जरा बरं वागून दाखवून मगच जावं असं वाटतं का? टीका झाली की आतून कोसळायला होतं का? उधळ्या पुत्राच्या दाखल्यात धाकटा मुलगा आपली वाटणी घेऊन घर सोडतो, ती उधळतो आणि कंगाल होऊन परततो; त्यातला थोरला भाऊ ओळखू येतो तो इथे. घर सोडून तो कधी गेला नाही, एकही आज्ञा मोडली नाही, आणि तरी बापाला सांगतो की इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय, मला कधी करडूही दिलं नाहीत. बापाच्या घरात राहून तो गडीच राहिला होता. धाकटा परतला तोही गडी व्हायच्या तयारीने. वाटेत त्याने वाक्यं जुळवली होती, त्यांतलं शेवटचं होतं, मला आपल्या एका मोलकऱ्यासारखं ठेवा. घरी पोचल्यावर तो पाप कबूल करतो, मी आपला मुलगा म्हणवून घ्यायला योग्य नाही असं म्हणतो, आणि मोलकऱ्याचं वाक्य येण्याआधीच बाप चाकरांना हाक मारतो: उत्तम झगा आणा. लूक 15 मधली एकोणिसावी आणि एकविसावी ओवी शेजारी शेजारी ठेवून वाचा, गळालेलं वाक्य दिसेल.

शेवटचा मुद्दा सर्वांत नाजूक, कारण तो प्रामाणिक माणसांना छळतो. कर्मांवरचा भरवसा सोडला, विश्वासावर आलो. पण माझा विश्वास तरी पुरेसा आहे का? कधी शंका येते, कधी प्रार्थनेत मन लागत नाही, दुसऱ्यांसारखे अश्रू येत नाहीत. इथे विश्वासालाच आपण एक नवं सत्कर्म करून टाकतो आणि पुन्हा स्वतःलाच मोजत बसतो. शस्त्रक्रियेच्या टेबलावर झोपलेल्या रोग्याचं उदाहरण घ्या. एकाचे हातपाय भीतीने कापतायत, पण सर्जन कुशल आहे. दुसरा बिनधास्त आहे, पण सर्जन अडाणी. वाचणार पहिला. त्याच्या धीराने तो वाचलेला नाही; त्याने एवढंच केलं, की कापत का होईना त्या हातांच्या स्वाधीन झाला. ख्रिस्ताच्या बाबतीत असंच आहे. तारणारा तो आहे, माझा विश्वास मला तारत नाही. विश्वास म्हणजे रिकामा हात पुढे करणं, आणि हात थरथरला म्हणून देणाऱ्याचं दान कमी होत नाही.

मार्कच्या नवव्या अध्यायात एक बाप आजारी मुलाला घेऊन येतो आणि येशूला म्हणतो, "आपणाला काही करता येत असेल तर..." इतका डळमळीत. मग ओरडतो, "माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका." एकाच श्वासात दोन्ही. येशू त्याला आधी विश्वास पक्का करून ये असं सांगत नाही, मुलाला बरं करतो. येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या गुन्हेगाराला तर बाप्तिस्मा घ्यायला, कुणाची भरपाई करायला, एकही चांगला दिवस जगून दाखवायला वेळ नव्हता. माझी आठवण करा एवढंच तो म्हणाला, आणि आजच तू माझ्याबरोबर सुखलोकात असशील हे उत्तर त्याला मिळालं.

म्हणून ज्याला आपला विश्वास अपुरा वाटतो त्याने आत डोकावत बसू नये. विश्वास ऐकण्याने होतो आणि ऐकणं ख्रिस्ताच्या वचनाने होतं, असं रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायात आहे. तेव्हा चारपैकी एखादं शुभवर्तमान उघडावं आणि येशू कुणाकुणाला भेटला, कुणाला कसं वागवलं, हे सावकाश वाचावं. प्रभुभोजनाला जावं, तिथे भाकर आणि द्राक्षारस हातात दिला जातो, आपण काही आणायचं नसतं. पाप घडलं असेल तर त्याच दिवशी, सुधारून दाखवण्याच्या आधी, आहे तसं कबूल करावं. शब्द सुचत नसतील तर जकातदाराची ती प्रार्थना आहेच.